डाव्या वळणावर वाजणारा हॉर्न

मष्णू पावशे राहतो कडोलीत, पण त्याला ओळखतात ते वडगावात. येळ्ळूरच्या रस्त्याला लागायच्या आधी उजव्या हाताला पत्र्याची एक शेड आहे. तिच्यावर पाटी नाही आणि तेहतीस वर्षांत पाटीची गरजही पडली नाही. गाडीचा दिवा लागेना, वायपर फिरेना, हॉर्न बोलेना, की लोक म्हणतात, मष्णूआण्णाकडं घाल. इंजिनाला तो हात लावत नाही. इंजिन म्हणजे त्याच्या लेखी तेलकट आणि बेभरवशाचं प्रकरण. वायर मात्र सरळ वागते. एका टोकाला करंट घातला की दुसऱ्या टोकाला आलाच पाहिजे, आणि नाही आला तर मधे कुठेतरी अडलाय. हे एवढं एकच गणित मांडून त्याने घर बांधलं, मुलीला शिकवलं आणि तिचं लग्नही केलं.

हे गणित तो शिकला निपाणीत, तंबाखूच्या लॉऱ्यांवर. तिथला उस्ताद परशराम याने कधी कुणावर हात उगारला नाही, पण त्याच्या दुकानात एक रीत होती. ज्याने दुरुस्त केलेली गाडी तीच तक्रार घेऊन परत यायची, त्याने त्या दिवशी सगळ्यांना जेवण वाढायचं आणि सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं, एकट्याने खायचं. कुणी काही बोलायचं नाही. पण आमटी वाढताना खाली घातलेली मान वर काढणं अवघड जायचं. मष्णूवर ही पाळी दोनदा आली. दुसऱ्या वेळी त्याने मनाशी गाठ मारली, की आपल्या हातची गाडी म्हणून परत येता कामा नये. पुढे वडगावात स्वतःचं दुकान टाकलं आणि ते खरंही करून दाखवलं. निदान त्याची तशी समजूत होती, आणि ती तो ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत असे.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्याला स्वतःच्या डोक्याचा भरवसा वाटेना. एकदा तो स्कूटर दुकानापाशीच ठेवून बसने कडोलीला गेला आणि सकाळी अंगणात स्कूटर नाही म्हणून चोर चोर करत गल्ली गोळा केली. एकदा टेस्टर जेवणाच्या डब्यात सापडला. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एके दिवशी शेडच्या मालकाशी बोलता बोलता त्या मालकाचंच नाव त्याला आठवेना, आणि तो त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. त्या दिवशी तो मनातून हादरला. चौसष्ट वय म्हणजे काही फार नाही. पण ह्याच वयात त्याचा बाप शेताची वाट विसरला होता. दुसऱ्याच्या रताळ्यात उभा राहून आपल्या बैलांना हाका मारत होता.

त्याची मुलगी पूर्णिमा टिळकवाडीत राहते, शाळेत शिकवते. तिने डॉक्टर गाठला, तपासणीची तारीख घेतली. मष्णूने ती चुकवली. तिने दुसरी घेतली, त्याने तीही चुकवली. शेवटी ती दुकानातच येऊन बसली.

"आप्पा, तपासून घ्यायला काय जातंय तुमचं? आणि हे दुकान किती दिवस रेटणार?"

"माझ्या हातची एक गाडी परत आलेली दाखीव मला," मष्णू म्हणाला. "ज्या दिवशी परत येईल त्या दिवशी शटर वढतो आणि तू म्हणशील त्या डाक्टरकडं येतो. शब्द हाय माझा."

पूर्णिमा गेली. मष्णूला वाटलं, चांगलं गुंडाळलं हिला. तेहतीस वर्षांत जे झालं नाही ते आता कुठलं व्हायला?

दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी नागेंद्राची पिकअप दारात आली.

ही पिकअप वडगावात सगळ्यांच्या ओळखीची. गोल दिव्यांची, फुगीर नाकाची, मष्णूपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान. नागेंद्राचा बाप केदारी याने ती जुनीच घेतली होती. मागावरच्या साड्यांचे गठ्ठे तिच्यातून बाजारात जायचे आणि सुताची पोती तिच्यातून घरी यायची. केदारी वारला त्याला आठ वर्षं झाली. आता घरात दोन पॉवरलूम, ते चालवणारा नागेंद्र आणि त्याची म्हातारी आई सोनाबाई. गाडीचं पासिंग जवळ आलं होतं. एवढ्या जुन्या गाडीला आरटीओचा साहेब नखशिखांत बघतो, आणि हॉर्न वाजला नाही तर कागदावर सही होत नाही.

"हॉर्न बसलाय आण्णा," नागेंद्र म्हणाला.

"बसलाय न्हवं? उठवूया की," मष्णू म्हणाला.

त्याने आधी हॉर्नला बॅटरीवरून थेट वायर दिली. हॉर्न असा ओरडला की समोरच्या भट्टीतला पाववाला बाहेर आला. म्हणजे हॉर्न धडधाकट. फ्यूज शाबूत होता. हॉर्नला करंट सोडणाऱ्या डबीची, म्हणजे रिलेची, बारीक वायर स्टिअरिंगच्या नळीत वर जाते, ती खाली सोडवून गाडीच्या लोखंडाला टेकवली, तेव्हाही हॉर्न वाजला. मग बिघाड वर, बटणात. ह्या जुन्या गाड्यांचं बटण तसं किरकोळ काम करतं. दाबलं की त्या बारीक वायरीला लोखंडाचा स्पर्श घडवून देतं, कारागीर ज्याला अर्थिंग म्हणतात ते, आणि हॉर्न बोलतो. मष्णूने बटण उचकटलं. आत स्प्रिंग गंजलेली, टेकायची पितळी टिकली काळी पडलेली. स्प्रिंग नवी घातली, टिकली घासून लख्ख केली. नागेंद्राने चावी फिरवली, मष्णूने खिडकीतून हात घालून बटण दाबलं. पोंऽऽ!

"घे," मष्णू म्हणाला. "जा साहेबापुढं."

नागेंद्र दुसऱ्या दिवशी साहेबापुढे गेला. साहेबाने बटण दाबलं, आवाज नाही. नागेंद्राने दाबलं, तरी नाही. साहेबाने कागदावर फुली मारली आणि आठ दिवसांनी या म्हणाला. नागेंद्र गाडी घेऊन तडक मष्णूच्या दारात.

पिकअपचं गोल नाक शेडच्या तोंडाशी बघून मष्णूला पहिल्यांदा आठवली ती निपाणीची आमटी, आणि मग पूर्णिमा. मग तो स्वतःशीच वकिली करू लागला. काम पुरं झालंय असं आपण कुठं म्हणालो होतो? घे, जा, एवढंच म्हणालो. काम चालूच होतं. चालू कामातली गाडी परत आली असं धरत नाहीत. आणि पूर्णिमाला सांगायचं तर ह्यात सांगण्यासारखं आहे तरी काय?

"आण्णा, एक गंमत हाय," नागेंद्र म्हणाला. "येताना डाव्या वळणाला वाजला. उजव्याला न्हाय. पुन्ना डाव्याला वाजला."

"सरळ रस्त्याला?"

"न्हाय. खड्ड्यात गेली तर मधनंच एकदा."

हे ऐकून मष्णूला धीर आला. चाक फिरवल्यावर फरक पडतो म्हणजे दोष चाकाखालच्या पितळी कड्यात. स्टिअरिंग गोल फिरतं, वायर काही फिरत नाही, म्हणून मधे एक कडं असतं आणि त्याच्यावर एक टोक घासत राहतं. कडं एका बाजूला झिजलं की डावीकडे टेकतं, उजवीकडे सुटतं. अगदी पुस्तकात असल्यासारखं. त्याने पुलर लावून चाक उपसलं. कडं झिजलेलं होतंच. साठीला टेकलेल्या गाडीत न झिजलेलं काय असतं? लेथवाल्याकडून नवं कडं करून आणलं, बसवलं, आणि चाक डावीकडे फिरवून दाबलं. आवाज नाही. उजवीकडे फिरवून दाबलं. नाही. चाक ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवलं. हॉर्न मुका तो मुकाच.

"चला, फिरवून बघू," म्हणून दोघे येळ्ळूरच्या रस्त्याने निघाले. पहिल्याच डाव्या वळणावर मष्णूने बटण दाबून धरलं आणि हॉर्न ठणठणीत वाजला. मष्णूने गाडी उभी केली, चाक तसंच डावीकडे ठेवून पुन्हा दाबलं. गप्प.

"आँ?" मष्णू म्हणाला.

त्याच वळणावरून गाडी तीनदा मागे घेतली, तीनदा पुढे नेली. चालती असताना वाजायचा, उभी असताना नाही. मळ्यातल्या दोन बायका काम थांबवून बघायला लागल्या. हा कोण म्हातारा, एकाच वळणावर पुन्हा पुन्हा हॉर्न वाजवतोय, आणि तेही रस्त्यात चिटपाखरू नसताना? मष्णूच्या डोक्याला मुंग्या आल्या. तेच बटण, तेच कडं, तेवढंच चाक फिरवलेलं. चाकं फिरतात की थांबतात याच्याशी हॉर्नच्या वायरीचा संबंध काय? तेहतीस वर्षांचं त्याचं गणित ह्या प्रश्नापुढे आडवं झालं.

"आण्णा, असं करूया काय?" परत आल्यावर नागेंद्र चाचरत म्हणाला. "डॅशबोर्डला एक बारीक बटण बशीवता काय? दारच्या बेलचं असतंय तसलं. पासिंग झालं की झालं."

पाच मिनिटांचं काम होतं, आणि दुसऱ्या कुणी केलंही असतं. पण मष्णूला ते टोचलं. आजवर नागेंद्राने त्याला काम कसं करायचं ते सांगितलं नव्हतं. ह्यालाही दिसायला लागलं की काय? मी गोंधळलोय हे तोंडावर दिसतंय की काय?

"दार हाय व्हय ही, बेल लावायला? गाडी ठेवून जा हितं. उद्या न्हेतोस," तो खेकसला.

नागेंद्राने गाडीची चावी साखळीच्या जुडग्यातून काढून दिली. जुडगं घरचं, त्यात कपाटापासून मागाच्या खोलीपर्यंतच्या चाव्या, त्यामुळे ते तो घेऊन गेला. जाताना चालकाच्या जागेपुढे त्याने हात जोडले, कारण स्टिअरिंगच्या नळीला, डॅशबोर्डखाली जिथे ती पट्टीत आवळलेली असते तिथे, जरीचा दोर बांधलेला होता. त्यांच्या घरची ही चाल. खंडेनवमीला मागाची पूजा होते, मग मागावरची जर घेऊन गाडीच्या गळ्यात बांधतात. ती घरच्या माणसानेच बांधायची, घरच्यानेच सोडायची. मष्णूला हे ठाऊक असल्याने तो इतके दिवस त्या दोराला धक्का न लावता, कडेकडेने हात घालून काम करत होता.

त्या रात्री मष्णू नीट जेवला नाही. बायकोने, मालुबाईने, विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय. त्याला सारखं वाटत होतं, उत्तर समोर आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. पूर्वी दिसलं असतं. पूर्वीचा मष्णू म्हणजे तिशीतला, एका नजरेत तुटकी वायर ओळखणारा, चहा निवायच्या आत गाडी सोडणारा. तो पूर्वीचा मष्णू समोर येऊन उभा राहावा आणि त्याने ह्या म्हाताऱ्याला जरा बाजूला सरा म्हणावं, असं काहीतरी त्याच्या मनात येत राहिलं. बापाचीही आठवण झाली. रताळ्यात उभ्या असलेल्या बापाला आपण चुकलोय हे माहीत होतं का? की त्याला वाटत होतं, वाट बरोबर आहे, बैलच कुठेतरी गेलेत?

सकाळी त्याने एकट्याने गाडी बाहेर काढली आणि डाव्या वळणावर बटण दाबलं. हॉर्न वाजला नाही. पुन्हा गेला, पुन्हा नाही. खड्ड्यातून नेली, उजवीकडून नेली, मुद्दाम जोरात नेली. काल निदान डावीकडे वाजत होता. आज तेही बंद. आणि रात्रभर गाडीला कुणी हात लावला नव्हता. मष्णूने गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. त्याला खरोखर रडू येईल असं वाटलं. काल वाजला होता, की आपल्याला वाजल्यासारखं वाटलं? नागेंद्र शेजारी होता, त्याने ऐकलं होतं. की तो बरं वाटावं म्हणून व्हय व्हय म्हणत होता?

आता शटर ओढावं, पूर्णिमाला फोन करावा, सांगावं की बाई, जिंकलीस. त्याने खिशातून मोबाइल काढलासुद्धा. पण निपाणीची सवय जात नाही. परशराम उस्ताद म्हणायचा, काय बिघडलं ते विचारू नको, काय बदललं ते विचार. काल आणि आज यात काय बदललं? गाडी तीच. रस्ता तोच. चालवणारा मीच. शेजारी नागेंद्र नाही. नागेंद्र नाही, नागेंद्राची पिशवी नाही, नागेंद्राच्या चाव्या...

मष्णूची नजर डॅशबोर्डवरच्या कुलपाकडे गेली. स्टिअरिंगच्या नळीच्या डाव्या अंगाला कुलूप, त्यात आज एकुलती एक चावी. काल तिथे हातभर स्टीलची साखळी आणि डझनभर चाव्यांचं जुडगं लोंबत होतं. त्याने खाली वाकून बघितलं. नळीच्या हिरव्या रंगावर एका ठिकाणी रंग उडून बोटभर लांबीची चकचकीत रेघ पडली होती. साखळी झोका घेऊन जिथे लागायची, बरोबर तिथे.

त्याने पान्हा घेतला, एक टोक कुलपाच्या कड्याला टेकवलं, दुसरं त्या चकचकीत रेघेला, आणि बटण दाबलं. हॉर्न वाजला. पान्हा उचलला की बंद, टेकवला की वाजला. गाडी डावीकडे वळली की लोंबणारी वस्तू उजवीकडे झेपावते. साखळी नळीला लागायची आणि हॉर्न बोलायचा, एवढीच ती डाव्या वळणाची भानगड. पहिल्या दिवशी दुकानात वाजला तोही नागेंद्राने नुकतीच चावी फिरवल्यामुळे, साखळी हलत असताना. मष्णू एकटाच मोठ्याने हसला. डोकं आहे म्हणायचं अजून जागेवर!

आता राहिला प्रश्न, नळीचं अर्थिंग तुटलं का. खाली गिअरपेटीजवळ जोडाला रबरी चकती असते, तिच्यातून करंट जात नाही. म्हणून कारखान्यातून येतानाच ह्या नळीला लोखंडाचा स्पर्श मिळतो तो वरच्या पट्टीतून. मष्णूने दुकानात येऊन नागेंद्राला फोन केला, धावत बोलावलं, जरीचा दोर त्याच्याकडून सोडवून घेतला आणि पट्टीचे दोन बोल्ट काढले.

पट्टीच्या आत, नळीभोवती, रबर होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन पदरी दुमडलेला, कडा तिरक्या कापलेल्या, आणि टोकाला पंक्चरचं सोल्युशन. मष्णू त्या तुकड्याकडे बघत राहिला. तिरका काप घेऊन दुमड आत लपवायची, म्हणजे रबर सरकत नाही. वडगावात असं कापणारा एकच माणूस होता.

त्याला सगळं आठवलं. दुकान टाकून चार दिवस झाले होते. केदारी गाडी घेऊन आला होता. स्टिअरिंगची नळी पट्टीत खडखडते, म्हणाला, डोकं उठतं. मष्णूने हे रबर घातलं, खडखड थांबली. रबर घातल्यावर नळीपासून लोखंडापर्यंत एक वीतभर वायर जोडायची असते, नाहीतर अर्थिंग तुटतं. शिकाऊ माणसालाही ते सांगतात. त्याने जोडली नव्हती. घाई नव्हती, कुणी आजारी नव्हतं, अंधार नव्हता. एकतीस वर्षांचा, तल्लख डोक्याचा मष्णू सरळ सरळ विसरला होता.

"पण मग तेहतीस वर्सं वाजला कसा रं ह्यो?" त्याने नागेंद्राला विचारलं. "बंद कवा पडला, नीट आठवून सांग."

"दसऱ्यातच की. पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवसापास्नं."

"पूजेत काय बदललं?"

नागेंद्राने डोकं खाजवलं. "काय न्हाय ओ. जुनी जर काळी पडल्ती, ती सोडली आणि ही नवी बांधली. बाबा जुनी कवा सोडतच न्हवते. दरवर्षी तिच्यावरच नवे पदर घालायचे. बाबा गेल्यापास्नं मी बी तेच करत आल्तो. औंदा म्हटलं जरा स्वच्छ करूया."

"जुनी टाकलीस?"

"टाकतोय कशी? आईच्या देव्हाऱ्यात हाय."

सोडलेली नवी जर घेऊन दोघे नागेंद्राच्या घरी गेले. मागांचा खडखडाट चालू होता, तो नागेंद्राने बंद केला. सोनाबाईने देव्हाऱ्यातून कागदाची पुडी काढून दिली. मष्णूने तपासायचा दिवा आणि बॅटरी बरोबर आणली होती. नव्या चकचकीत जरीच्या दोन टोकांना वायर लावली, दिवा लागला नाही. ती प्लास्टिकची. जुन्या काळ्या पेडाला लावली, आणि दिवा लागला. ती तांब्याची तार, चांदीचं पाणी दिलेली, बोटाएवढा जाड पेड. पट्टीच्या बोल्टापासून नळीपर्यंत करकचून आवळलेला हा पेड तेहतीस वर्षं ती वीतभर वायर बनून राहिला होता.

मष्णूने ठरवलं होतं, घडलं ते सांगून टाकायचं. गप्प राहून नवी वायर जोडली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण केदारी त्याच्या दुकानात रोज चहाला यायचा, चारचौघांत म्हणायचा, मष्णूच्या हातचं काम परत बघायला लागत न्हाय. त्या माणसाच्या घरात बसून खोटं बोलणं त्याला जमेना.

"आक्का," तो सोनाबाईला म्हणाला, "चूक माझी हाय. दुकान टाकलं तवा तुमच्या गाडीत रबर घातलं आणि वायर जोडायची इसरलो. तुमच्या जरीनं निभावून न्हेलं. नशीब म्हणायचं माझं."

सोनाबाईने पुडी पुन्हा गुंडाळली. तिला आता ऐकायला कमी येतं, पण हे तिने नीट ऐकलं होतं.

"नशीब कसलं रं?" ती म्हणाली. "गाडी तुझ्याकडनं आली त्या दिवशी हॉर्न वाजत न्हवता. खंडेनवमीचा आदला दिस. मी म्हटलं, जावा, परत घालून या त्याच्याकडं. तर ह्ये म्हणाले, न्हाय गं. नवं दुकान हाय मष्णूचं, आपली गाडी पयली. पयलीच परत गेली तर लोक काय म्हणतील त्येला? दुसऱ्या दिवशी सकाळधरनं गाडीत घुसून बसले हुते. माग चालवायचं सोडून. जर घ्यायची, बांधायची, सोडायची, पुन्ना बांधायची. दुपारी एकदा वाजला. मला म्हणाले, झालं काम, आता मष्णूला बोलायचं न्हाय."

"केदारीला म्हाईत हुतं?" मष्णूने विचारलं.

"मला त्यातलं काय कळतंय? पर दरवर्षी आपल्या हातानं बांधायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. चांगली जर महाग झाली तरी गाडीपुरती इकत आणायचे. मी म्हणायची, एवढी कशाला? तर सुम्म बस, गप ऱ्हा, म्हणायचे."

पंचवीस वर्षं केदारी समोर बसून चहा प्यायला. एकदा, एकदा तरी सांगायचं की. वीतभर वायर, पाच मिनिटांचं काम. मष्णूला राग आला, लाजही वाटली, आणि त्याहून जास्त काहीतरी वाटलं. मान खाली घालून तो बसून राहिला. सोनाबाईने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि नागेंद्राने, काही न कळता, माग पुन्हा चालू केला.

दुकानात येऊन त्याने वायर जोडली. दोन्ही टोकं घासली, वॉशर घातले, बोल्ट आवळले. रबर तसंच ठेवलं, खडखड व्हायला नको म्हणून. चावी जुडग्याशिवाय लावून, उभ्या गाडीत, चाक डावीकडे, उजवीकडे, सरळ ठेवून, प्रत्येक वेळी हॉर्न वाजवून बघितला. वाजला. मग जुना काळा पेड नागेंद्राने पुन्हा नळीला बांधला. आता त्याची गरज नव्हती. मष्णूने तसं सांगितलं नाही.

पिकअप वळून दिसेनाशी झाल्यावर त्याने मोबाइल काढला.

"पूर्णिमा, त्या डाक्टरची तारीख कवाची हाय गं?"

पलीकडे वर्गाचा गलका होता. ती बाजूला आली असावी. "काय झालं आप्पा? बरं वाटत नाही का?"

"बरा हाय मी. येतो म्हटलंय न्हवं? शब्द दिलाय."

ती हळूच म्हणाली, "गाडी परत आली?"

"व्हय," मष्णू म्हणाला. "पयलीच. आज कळलं मला."